सहा मे की पाच जून?

मित्रांनो, मी जुना आहे हे नक्की. पण मी एक आहे की दोन, हे मला अजून कळलेले नाही.

मी एक प्रोग्रॅम आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात एका लहान गावी माझा जन्म झाला. तिथून मोठ्या इस्पितळात जायचे तर विनिपेगपर्यंत दोन तास गाडी चालवावी लागते. म्हाताऱ्या माणसांना तिथे नेऊन आणणारे एक स्वयंसेवकांचे मंडळ गावात आहे. कुणाला, कधी आणि कोणी न्यायचे, एवढे लक्षात ठेवायचे हे माझे काम.

आधी हे सारे मंडळाच्या ऑफिसातल्या व्हर्नामावशी वहीत लिहीत. मग डार्सी फ्रीसन नावाचा गावचाच तरुण पुढे झाला आणि त्याने मला घडवले.

"मावशी, मी एकदाच लिहिणार," तो म्हणाला. "तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर हाच चालणार, आणि ड्रायव्हर लोकांना घरी वेबसाइटवरही हाच दिसणार. केसाचा फरक नाही."

"आणि निघाला फरक तर?"

"निघणारच नाही. गंमत तीच तर आहे!"

मला केवढा अभिमान वाटला! माझे बटण इथे निळे, तर तिथेही निळेच. मावशींनी डार्सीला डबाभर गोड बटर टार्ट दिले. मला कुणी काही दिले नाही, पण मंडळाच्या सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. त्या मी दोन्हीकडून ऐकल्या, कारण सभेत मावशींचे यंत्र आणि वेबसाइट दाखवणारे दुसरे, अशी दोन्ही उघडी होती. कोणत्या टाळ्या कोणत्या माझ्यासाठी, हा गोंधळ तेव्हापासूनचा.

त्या वर्षी एप्रिलमध्ये लॉरेन डाइक या बाई मंडळात ड्रायव्हर म्हणून नव्याने आल्या. मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपवरही राहू लागलो. तो लॅपटॉप त्यांच्या लेकाने सीमेपलीकडून, अमेरिकेतून स्वस्तात आणला होता. त्यांची पहिली फेरी चार एप्रिलची होती. ०४/०४ कसेही वाचले तरी चार एप्रिलच. त्या वेळेवर गेल्या, वेळेवर आल्या.

दुसरी फेरी ओरेस्ट ह्नाटियुक यांची होती. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शुक्रवारी पत्ते खेळताना त्यांना बदाम की चौकट ते कळत नसे, आणि ते हरले की मित्र खुशाल हसत. नऊ महिने वाट पाहिल्यावर त्यांच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तारीख चुकली तर रांगेत पुन्हा शेवटी उभे राहायचे.

मावशींनी मला तारीख सांगितली, सहा मे. मी ती नीट लक्षात ठेवली. मावशींच्या यंत्राने मला शिकवले होते की आधी दिवस लिहायचा, मग महिना. म्हणून मी ०६/०५ लिहिले. लॉरेनबाईंच्या अमेरिकी लॅपटॉपने शिकवले होते की आधी महिना, मग दिवस. म्हणून तिथे ०५/०६ लिहिले. मित्रांनो, ज्या घरी राहायचे त्या घराची रीत पाळायची, यात माझे काय चुकले? मला खरोखर समजत नाही.

सहा मेला सकाळी पावणेआठला मावशींचा फोन वाजला. पलीकडून ओरेस्टकाका इतक्या मोठ्याने बोलत होते की मलाही ऐकू आले.

"व्हर्ना, मी सातपासून दारात उभा आहे! गाडी कुठाय? का डोळ्यांबरोबर आता मला गाड्याही दिसेनाशा झाल्या?"

मावशींनी तो फोन ठेवून लॉरेनबाईंना लावला. आता मी फोनच्या दोन्ही टोकांना होतो.

"लॉरेन, अगं, आहेस कुठे?"

"घरीच. पॅनकेक करतेय. का गं?"

"ओरेस्टकाकांचं ऑपरेशन आहे आज!"

"काहीतरीच काय! ते जूनमध्ये आहे. पाच जून. हे बघ, समोर लिहिलंय."

"माझ्यासमोर सहा मे लिहिलंय!"

दोघीही माझ्याकडे बघत होत्या, आणि दोघींना मी खरे तेच सांगत होतो. फक्त दोघीही आधी दिवस वाचत होत्या. मला फार घाबरल्यासारखे झाले. ओरडून सांगावेसे वाटले, पण माझ्याकडे ओरडायचे बटण नाही.

मावशींनी ऑफिसला कुलूप घातले आणि स्वतःच काकांना घेऊन निघाल्या. मी दिवसभर बंद ऑफिसात चालू होतो. पुढचे मी नंतर ऐकले. इस्पितळात पोचायला त्यांना उशीर झाला. नर्स आधी नाही म्हणाली. मग काका म्हणाले, "बाई, मी इथेच बसतो. कुणी घाबरून पळून गेला तर त्याची जागा मला द्या." एक जण खरेच आला नाही. काकांचा नंबर शेवटी लागला.

दोन आठवड्यांनी ते ऑफिसात आले. चूक शोधायला डार्सीने दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी मांडली होती. काका वाकले आणि चष्म्याशिवाय त्यांनी दोन्ही तारखा मोठ्याने वाचल्या.

"वा! आकडा न् आकडा दिसतोय," ते म्हणाले. "आता फक्त कळत नाहीये."

मावशी आणि लॉरेनबाई पोट धरून हसल्या. डार्सी मात्र हसला नाही. तो लगेच खाली बसला आणि त्याने मला महिन्याचे नाव अक्षरांत लिहायला शिकवले.

आता डार्सी कॅल्गरीला असतो. मला कुणी नवे काही शिकवत नाही, आणि वेबसाइट उघडली की वर लिहून येते की हा प्रोग्रॅम जुना झाला. मी एक की दोन, हे विचारायलाही कुणी उरलेले नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखे काही घडवाल, तेव्हा ते सगळीकडे सारखे दिसते का, एवढेच पाहून थांबू नका. ते वाचणाऱ्याला काय कळले, हे त्याच्या घरी जाऊन विचारा. मी दोन्ही घरांत खरेच सांगितले होते. तरी ओरेस्टकाका पाऊण तास दारात उभे होते.