नॉर्मनचा हिवाळा

नेव्हिल प्रॉसर कुरावानच्या नगरपालिकेतल्या रस्ते खात्यातून निवृत्त झाला आणि त्याच्या बायकोची, डॅफ्नीची, शांतता त्याच दिवशी संपली. अडतीस वर्षं या गृहस्थाने गावातला प्रत्येक खड्डा नियमाप्रमाणे बुजवला होता. म्हणजे अर्ज आल्यावर, पाहणी झाल्यावर आणि तोवर खड्डा दुप्पट झाल्यावर. आता गावाचे खड्डे सुटले आणि घरातले सापडू लागले. पहिल्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघरातले डबे अक्षरांच्या क्रमाने लावले. दुसऱ्या आठवड्यात चहा किती मिनिटं मुरू द्यायचा ते घड्याळ लावून डॅफ्नीला शिकवलं. ती बिचारी पंचेचाळीस वर्षं चहा करत होती. तिसऱ्या आठवड्यात तिने हात टेकले.

"नेव्हिल, एक तर तू काहीतरी पाळ, नाहीतर मी बहिणीकडे राहायला जाते."

कुत्र्याचे केस गालिच्यावर पडतात, मांजर पाखरं मारतं, आणि पोपट उलट बोलतो, हे तर नेव्हिलला मुळीच चालण्यासारखं नव्हतं. उरला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे आपला दाढीवाला सरडा. हातभर लांब, गळ्याखाली काटेरी दाढी. रागावला की ती फुगवून काळी करतो, एरवी अगदी देवमाणूस. तसा एक त्यांच्या मागच्या कुंपणाच्या खांबावर रोज ऊन खात फुकटात बसलेला असायचा. डॅफ्नी त्याला 'भाडेकरू' म्हणायची. पण रानातला उचलून आणायला कायद्याने बंदी, आणि विकतचा पाळायचा तर सरकारी परवाना लागतो. परवाना हा शब्द कानावर पडताच नेव्हिलच्या गालांवर निवृत्तीनंतर पहिल्यांदा रंग चढला. त्याने अर्जाच्या तीन प्रती भरल्या. मागितली होती एकच.

सरडा मिळाला कॅथ डन्फीकडे. कॅथ धुण्याच्या खोलीमागच्या शेडमध्ये वीस वर्षं हेच सरडे वाढवत होती. तिने एक वर्षाचा, चांगला धष्टपुष्ट नर नेव्हिलच्या हातावर ठेवला आणि वहीचं अर्धं पान फाडून त्यावर खरडायला लागली.

"हे बघ नेव्ह, फार काही नसतं. पेटीचं एक टोक चांगलं गरम ठेव, दुसरं गार. त्याला हवं तिथे तो जाऊन बसेल. अंगावर ऊन पडल्यासारखं होईल असा तो खास दिवा लाव, आणि दिवा जळताना दिसला तरी सहा महिन्यांनी बदल, त्यातला कस निघून जातो. खाली वाळू घालू नकोस, गिळून बसतो. रोज हिरवा पाला, अधूनमधून रातकिडे, पण त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा द्यायचा नाही. अॅव्होकॅडो तर चुकूनही नाही. हाताळलंस की हात धू. आणि दर रविवारी वजन कर, ते सगळ्यात महत्त्वाचं. काही बिघडलं तर वजन आधी सांगतं."

"एवढंच?" नेव्हिलचा चेहरा पडला.

"मग काय त्याला शाळेत घालतोस?" कॅथ म्हणाली.

अर्ध्या पानावर विश्वास ठेवणाऱ्यांतला नेव्हिल नव्हे. त्याने अमेरिकेतून, थेट ओहायोहून, चारशे बारा पानांचा जाडजूड ग्रंथ मागवला. ज्या प्राण्याचं मूळ गाव त्याच्या परसदारी, त्याच्याबद्दल ऐकायला नेव्हिलला अर्धी पृथ्वी ओलांडून जावं लागलं, आणि यात त्याला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे बाहेरून आलेल्या ज्ञानाला टपालखर्चाइतका तरी मान जास्त मिळतोच. कॅथचं अर्धं पान त्याने कचऱ्यात टाकलं. डॅफ्नीने ते उचललं, इस्त्री केल्यासारखं हाताने सरळ केलं आणि फ्रिजवर लावलं.

सरड्याचं नाव नॉर्मन ठेवलं. आता पेटी कुठे ठेवायची? ग्रंथ म्हणाला, घरातल्या दक्षिणेकडच्या खोलीत, कारण ती सर्वांत उबदार.

"अरे, दक्षिणेची खोली? आपल्याकडे ऊन उत्तरेकडून येतं. तिथे मी लोणी ठेवते, फ्रिज भरला की," डॅफ्नी म्हणाली.

"पान सत्याहत्तर," नेव्हिल म्हणाला, आणि विषय संपला.

डिसेंबर उजाडला, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा. पारा त्रेचाळीसवर गेला. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटू लागलं आणि दिवाणखान्यात कपाटावर नाताळची कार्डं ओळीने उभी राहिली. प्रत्येकावर बर्फ, बर्फातलं घर, बर्फातली गाडी. नेव्हिलने पान दोनशे बारा उघडलं. त्यात लिहिलं होतं की डिसेंबरात हा प्राणी हिवाळी झोप घेतो; दिवे बंद करावेत, खाणं थांबवावं, पेटी झाकावी. नेव्हिलने दिवा बंद केला, खाणं थांबवलं आणि पेटीवर टेबलक्लॉथ टाकला. आत नॉर्मन टक्क जागा. तो काचेवर नखं घासत होता, दाढी काळी करत होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही केली असती.

"नेव्हिल, त्याला झोप आलेली दिसत नाही."

"येईल. प्राण्यांना तारीख आतून कळते."

नेव्हिल बोलिंग क्लबला गेला की डॅफ्नी टेबलक्लॉथ काढायची, दिवा लावायची आणि नॉर्मनला कोवळी पानं चारायची. मग तो तिच्या खांद्यावर चढून बसायचा आणि ती शिवणाच्या मशीनवर काम करायची. आधी तिला त्या जनावराची किळस वाटायची. आता तो खांद्यावर नसला तर खांदा रिकामा वाटू लागला. रविवारी ती त्याला पिठाच्या काट्यावर ठेवायची आणि आकडा कॅथच्या अर्ध्या पानामागे लिहायची. नेव्हिल परत यायच्या आत टेबलक्लॉथ जागच्या जागी असायचा. फेब्रुवारी संपला तेव्हा नॉर्मन गुटगुटीत होता, आणि हा ग्रंथाचा विजय आहे असं नेव्हिलने क्लबात सांगितलं.

मग जून आला, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा. सकाळी गवत पांढरं दिसायला लागलं, पाण्याच्या भांड्यावर काच धरू लागली. नॉर्मनने आधी खाणं कमी केलं, मग सोडलं. पेटीच्या गार कोपऱ्यात, लाकडाच्या ओंडक्याखाली तो घुसला आणि डोळे मिटून पडला. हलवलं तरी जेमतेम एक पाय ओढून घ्यायचा.

नेव्हिलने ग्रंथ उघडला. त्यात जूनबद्दल लिहिलं होतं की हे दिवस प्राण्याच्या पूर्ण जोमाचे असतात. या काळात सुस्ती दिसली तर गंभीर आजार समजावा. त्याने दिव्यांची संख्या एकावरून तीनवर नेली. भोपळा शिजवून, गाळून, पिचकारीने तो नॉर्मनच्या तोंडात कोंबू लागला.

"अरे, थंडी आहे, म्हणून झोपलाय तो!" डॅफ्नी त्याचा हात धरत म्हणाली.

"थंडी?" नेव्हिल म्हणाला. अंगात दोन स्वेटर, पायांत लोकरी मोजे, पाठीशी हीटर. "डॅफ, त्याची झोप डिसेंबरात होऊन गेली. आता त्याचा उन्हाळा चालू आहे."

दोन आठवडे असे गेले. शेवटी नेव्हिलने एकोणिसावं प्रकरण वाचलं, 'योग्य वेळी निरोप.' मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फोन उचलला. गावातला डॉक्टर फक्त गुरंमेंढ्यांचा. सरड्यांची डॉक्टर तीन तासांवरच्या शहरात. त्याने गुरुवारची वेळ घेतली. तपासणीसाठी नव्हे, इंजेक्शनसाठी.

"तडफडत मरण्यापेक्षा बरं," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

डॅफ्नी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. गुरुवारला दोन दिवस होते. तिची नजर सवयीने कुंपणाच्या खांबावर गेली आणि तिच्या लक्षात आलं की भाडेकरू महिनाभर दिसलेलाच नाही. ती सरपणाच्या ढिगाशी गेली आणि एकेक लाकूड बाजूला करू लागली. पाचव्या लाकडाखाली तो होता, चपटा होऊन, डोळे मिटून, दगडासारखा गार. तिने बोट टेकवलं. भाडेकरूने कष्टाने दाढी किंचित फुगवली, एवढीच काय ती तक्रार, आणि पुन्हा झोपला. डॅफ्नीने लाकडं होती तशी रचली आणि पळतच घरात आली.

"नेव्हिल! भाडेकरूसुद्धा तसाच पडलाय! न हलता, डोळे मिटून, अगदी नॉर्मनसारखा!"

नेव्हिल पांढराफटक पडला. "म्हणजे साथ आहे," तो म्हणाला. "वन्यजीव खात्याला कळवलं पाहिजे."

डॅफ्नीने कपाळावर हात मारून घेतला. अडतीस वर्षं रस्ते खात्यात काढलेल्या माणसाला समोरचा रस्ता दाखवणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. गुरुवारी ती गाडीत बसली तेव्हा मांडीवर नॉर्मनची टोपली होती, पर्समध्ये फ्रिजवरचं अर्धं पान, आणि पायाशी तो ग्रंथ. ग्रंथ तिने मुद्दाम घेतला होता. वाटेत नेव्हिलने तीनदा रेडिओ लावला आणि तीनदा बंद केला.

डॉक्टर इमोजेन हार्टनेल तिशीची, बाह्या वर सारलेली. तिने नॉर्मनला हातात घेतलं, पोट दाबलं, तोंड उघडून पाहिलं, छातीला यंत्र लावलं.

"इंजेक्शनसाठी आणलंय ना?" ती म्हणाली. "आधी मला एक सांगा. वजन किती घटलंय?"

नेव्हिलने आपली वही उघडली. रोजचं तापमान तीन वेळचं, हवेतली ओल, दिव्यांचे तास. वजन मात्र नव्हतं. ते कॅथच्या पानावरचं काम होतं, ग्रंथातलं नव्हतं. तेव्हा डॅफ्नीने पर्स उघडली आणि अर्धं पान पुढे केलं.

डॉक्टरने ते उलटं करून पाहिलं. मे महिन्यात चारशे अठरा ग्रॅम. मग चारशे सोळा. चारशे पंधरा. गेल्या रविवारी चारशे तेरा.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. पिठाच्या काट्यावर," डॅफ्नी म्हणाली आणि पर्समधून विष्ठेची डबीही काढली.

"हा आजारी असता तर एव्हाना पंचवीस-पन्नास ग्रॅम उतरला असता. विष्ठाही आणलीय? छान." तिने सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, मान हलवली. "जंत नाहीत. छाती साफ आहे. हा झोपलाय. फक्त झोपलाय, मिस्टर प्रॉसर. पण तोंडात भोपळा कोणी कोंबला? तो घशात अडकला असता तर इंजेक्शनची गरजच पडली नसती."

"पण पान दोनशे बारा," नेव्हिल म्हणाला आणि त्याने ग्रंथ टेबलावर उघडला.

डॉक्टरने पान वाचलं. मग तिने त्यावरचं चित्र बघितलं. नेव्हिलने ते चित्र शंभरदा पाहिलं असेल. पेटीत झोपलेला सरडा, डोक्यावर गंमत म्हणून लाल टोपी, आणि मागे खिडकीबाहेर ढीगभर बर्फ.

"तुमच्या कुरावानला नाताळात बर्फ पडतो?" तिने विचारलं.

"कार्डांवर पडतो," नेव्हिल म्हणाला.

म्हणाला आणि थांबला. त्याने चित्राकडे पाहिलं, भिंतीवरच्या जूनच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आपल्या दोन स्वेटरांकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, ते डॅफ्नी बघत होती. पंचेचाळीस वर्षांत तिने नेव्हिलला चुकलेलं पाहिलं होतं, पण चुकलो हे त्याला कळलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"मी आज त्याला मारायला आणला होता," तो म्हणाला. "डॅफ, मी त्याला मारायला आणला होता." आणि सगळ्या शहरासमोर, म्हणजे डॉक्टर आणि प्रतीक्षालयातल्या दोन कासवांसमोर, तो रडला. डॅफ्नीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला राग आला होता, आणि त्याची दयाही आली होती. दोन्ही खरं होतं.

घरी आल्यावर पेटी दक्षिणेच्या खोलीतून दिवाणखान्यात, आतल्या भिंतीशी हलवली. डॅफ्नीने त्यासाठी शिवणाच्या मशीनची जागा दिली. जादा दिवे निघाले, उरलेल्या एकाचे तास डॉक्टरच्या सांगण्यावरून कमी केले, पाण्याचं भांडं रोज ताजं भरायचं ठरलं आणि रविवारचं वजन आता दोघं मिळून करू लागले. पेटीखालचं टेबल डगमगत होतं. नेव्हिल थोडा वेळ त्याकडे बघत राहिला, मग आत गेला, ग्रंथ घेऊन आला आणि त्याने स्वतः वाकून तो आखूड पायाखाली सरकवला. टेबल हललं नाही.

"बरा बसला," डॅफ्नी म्हणाली.

"जाडी योग्य आहे," नेव्हिल म्हणाला.

जुलै त्याने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. दिवसातून दहादा तो पेटीपाशी जायचा, हात दिव्याच्या बटणाकडे जायचा, आणि मग तो हात खिशात घालायचा. डॅफ्नी शिवत असायची. ती बघून न बघितल्यासारखं करायची.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी नेव्हिल मोज्यांवरच अंगणातून धावत आला. "डॅफ! भाडेकरू खांबावर आलाय!"

दोघं पेटीसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग ओंडक्याखालून एक काटेरी डोकं बाहेर आलं आणि नॉर्मनने एक डोळा उघडला. डॅफ्नीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता काय करायचं?" नेव्हिलने कुजबुजत विचारलं. "पाणी? पाला? आंघोळ? सांग ना."

"काही नाही," डॅफ्नी म्हणाली. "त्याचा तो उठेल."

नेव्हिलने खुर्ची ओढली, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसून राहिला.