पालीच्या वर्गातील रिकामी जागा

ज्याला समोरच्याकडून काही हवे असते, त्याच्या जिभेवर सत्य टिकणे कठीण; आणि जे हवे ते स्वतःसाठी नसून सहकाऱ्यासाठी असेल, तर ते अधिकच कठीण, कारण तेव्हा असत्य परोपकाराचे वस्त्र नेसून पुढे येते. अड्याळजवळच्या एका लहानशा कला महाविद्यालयात, प्रवेशाच्या शेवटच्या शनिवारी, केशवरावांपुढे हाच प्रसंग उभा राहिला.

केशवराव मोहाडीकडच्या धानकरी शेतकऱ्याचे पुत्र. बालपण पाठशाळेत गेले, पुढचे सारे आयुष्य या महाविद्यालयात संस्कृत शिकवण्यात. निवृत्त होऊनही ते नेमाने येत. पाली शिकवणारे संघपाल त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. दोघांची पुस्तके एकाच कपाटात राहत आणि दोघांचे वाद एकाच ओसरीवर चालत. यंदा संस्थेने कळवले होते की प्रथम वर्षाला दहा विद्यार्थी मिळाले नाहीत, तर पाली विषय बंद होईल. अर्ज नऊ आले होते. मुदत सायंकाळी पाचपर्यंत होती.

अकराच्या सुमारास जवाहरनगरहून हिरालाल आपल्या मुलीला, खुशबूला, घेऊन आले. हिरालाल आयुध कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या हातात नागपूरच्या एका मोठ्या महाविद्यालयाची गुळगुळीत पुस्तिका होती. खुशबूला मात्र पाली शिकायचे होते, आणि अड्याळला आत्याच्या घरी राहण्याची सोयही होती.

संघपालांनी केशवरावांना दाराआड बोलावले. "सर, विषय बंद होऊ शकते, हे आज नका सांगू. एकच अर्ज पाहिजे. अर्ज आला की सांगायची गरजच राहत नाही ना!"

प्रवेशाची चौकशी करणाऱ्याला आधी उणिवा सांगायच्या आणि मग गुण, ही या महाविद्यालयाची रीत होती, आणि ती केशवरावांनीच घालून दिली होती. इतक्या वर्षांत तिचे ओझे त्यांना आज पहिल्यांदा जाणवले. समोरच्या धानाच्या बांधीत कोणी पऱ्ह्यांसाठी, लावणीच्या रोपांसाठी, जमीन तयार करीत होते. तिकडे क्षणभर पाहून ते परत येऊन बसले.

"हिरालालजी, आमच्याकडे वसतिगृह नाही," त्यांनी सुरुवात केली. "संगणक सात आहेत, त्यांतले चार चालतात. अध्यापक नऊच. पदवी मिळताच नोकरी लागेल, असे वचन मी देणार नाही."

"मंग हाय तरी काय तुमच्यापाशी?" हिरालाल हसले. "नागपूरवाले तर चहा पाजून सांगतेत, नोकरी पक्की म्हणून."

"चहा आम्हीही पाजू," केशवराव म्हणाले. "पण आणखी एक उणीव राहिली. पालीसाठी नऊच अर्ज आले आहेत. आज दहावा आला नाही, तर विषय बंद होईल. आला, तर या तुकडीची तीन वर्षे पूर्ण करून देऊ, असे संस्थेने लेखी दिले आहे. त्यापुढचे मला ठाऊक नाही."

संघपालांनी डोळे मिटले.

हिरालालांचे हसू मावळले. "म्हंजे तुमाले गरज हाय म्हणून माही पोरगी पाहिजे?"

"गरज आहे. म्हणूनच सांगितले. गरजवंताचे बोलणे तुम्ही पारखून घ्यावे."

"बाबा, मले तर..." खुशबू बोलू लागली.

"तू चूप राय. बस केवा हाय, सर?"

बसला तासभर अवकाश होता. तोवर वर्ग पाहून घ्या, असे केशवरावांनी सुचवले, आणि बापलेक पालीच्या द्वितीय वर्षाच्या खोलीत मागच्या बाकावर जाऊन बसले. हिरालाल घड्याळाकडे पाहत होते.

शनिवारी येथे अध्यापकांची अदलाबदल होत असे. संस्कृतचा अध्यापक पालीच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसे आणि पालीचा संस्कृतच्या. दुसराही एक नियम होता: जो चूक दाखवील त्याने पुढे येऊन शिकवायचे, आणि ज्याची चूक झाली त्याने बाकावरून उठून ते शिकायचे. केशवराव खिडकीजवळच्या बाकावर जीवन नावाच्या विद्यार्थ्याशेजारी बसले. संघपालांनी त्यांना एक गाथा म्हणायला सांगितली.

गाथा केशवरावांना मुखोद्गत होती. ते उभे राहिले आणि धीरगंभीर स्वरात म्हणू लागले. परंतु साठ वर्षांची संस्कृत श्लोकांची सवय कंठात मुरलेली. गाथा श्लोकाच्याच चालीत निघाली, आणि जेथे थांबायचे तेथे न थांबता भलत्याच ठिकाणी थांबली.

"अहो आजोबा, असं नाही म्हणत!" मागून आवाज आला आणि लगेच हसू.

सारा वर्ग वळला. हिरालाल दचकून उठलेच. "खुशबू! सर हायेत थे!"

"ऊठ बाळ, पुढे ये," केशवराव म्हणाले. "चूक तू काढलीस, आता शिकवण्याचे काम तुझे."

खुशबू ओढणी सावरीत पुढे गेली. लहानपणापासून विहारात आजीच्या मांडीशी बसून जी चाल तिच्या कानी पडली होती, त्या चालीत तिने गाथा म्हटली. आवाज प्रथम कापला, मग स्थिरावला. केशवरावांनी हात जोडून तिच्यामागोमाग म्हटले. पुन्हा तीच चूक झाली.

"थितं नाही थांबायचं, सर. श्वास पुरवा लागते."

"या वयात श्वास कोठून आणू?"

"माही आजी तर ऐंशीची हाय!"

वर्ग खळखळून हसला. जीवन हळूच म्हणाला, "सर, आज घरचा अभ्यास तुमाले." संघपाल म्हणाले, "बारा वर्षं झाली, मी हेच सांगून राहिलो सरांना. मायं कोण ऐकते!"

तिसऱ्या वेळी गाथा बरोबर आली. केशवरावांनी खुशबूला नमस्कार केला आणि मगच ते बसले.

बसची वेळ होऊन गेली. हिरालाल उठले नव्हते. तास संपल्यावर ते केशवरावांपाशी आले.

"माह्या वडलाले संस्कृतच्या वर्गात बसू देलं नव्हतं, सर. थे बाहेर उभे राहत. आज माही पोरगी पुढं उभी होती, अन् तुमी..."

केशवराव बाकावरून उठले. मग म्हणाले, "तो त्या वर्गाचा दोष होता, हिरालालजी. आणि तोटाही त्या वर्गाचाच झाला."

हिरालालांनी मान हलवली, पण अर्जाचे नाव काढले नाही. "बहिणीकडं जेवून येतो," एवढेच सांगून ते मुलीला घेऊन गेले.

दुपार सरली. संघपाल फाटकापर्यंत जात आणि परत येत. "सर, न सांगतलं असतं तर आतापर्यंत झालं असतं," ते एकदा म्हणाले. सत्य बोलल्याचे समाधान त्या वेळी केशवरावांना मुळीच वाटत नव्हते. वाटत होती ती केवळ काळजी.

सव्वाचारला बापलेक फाटकातून आत आले.

"जेवतानी इचार केला," हिरालाल म्हणाले. "आमच्या बारुदाच्या कामात ज्याले येत नाही तो 'येत नाही' म्हणते, तवाच बाजूवाला जिता राहते. तुमी आज दोनदा तसं बोलले, आधी उणिवा सांगतल्या अन् मंग वर्गात पोरीपाशी शिकले. अशा मानसापाशी पोरगी ठेवाले मले भेव नाही वाटत." आणि लगेच बोट उगारून त्यांनी बजावले, "पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास बी करन थे. आधीच सांगून ठेवतो!"

"अवश्य करील. तुम्ही दर महिन्याला येऊन विचारा."

खुशबूने अर्ज भरला. पाली लिहिले, क्षणभर थांबली आणि खालच्या ओळीत संस्कृतही लिहिले. संघपालांना शिक्का सापडेना. तो त्यांच्याच हातात होता. हिरालालांनी सही केली, नागपूरची पुस्तिका तेथेच मेजावर ठेवली आणि लेकीसह ते निघाले.

केशवराव ओसरीवर उभे राहून पाहत होते. पुढे चालणाऱ्या मुलीसाठी, तिच्यामागून सावकाश जाणाऱ्या पित्यासाठी, आणि आत अर्ज पुन्हापुन्हा वाचणाऱ्या आपल्या मित्रासाठी त्यांनी मनोमन म्हटले: तुमचे अध्ययन निर्भय होवो, तुमची मने प्रसन्न राहोत, आणि कोणाच्याही लेकराला विद्येच्या दाराबाहेर उभे राहावे न लागो.