चौथ्या तारेच्या खालचा स्वर

मित्रांनो, एका संगीतशिक्षिकेच्या घरी, पुस्तकांच्या कपाटावर, मऊ फडक्याखाली जो जुना टेपरेकॉर्डर विसावलेला दिसेल, तो मी. माझ्या एका कळीवरची अक्षरे पार पुसून गेली आहेत. ती फीत मागे नेण्याची कळ. ती इतकी का झिजली, हीच माझी कथा.

कारखान्यात माझा जन्म झाला, तेव्हा माझ्या अंतरंगात एक काळाभोर, ताठ रबरी पट्टा बसवला गेला. मोटार त्या पट्ट्याला फिरवी, पट्टा चक्राला फिरवी आणि चक्राच्या ओढीने फीत पुढे सरके. ती संगीतशिक्षिका, म्हणजे माझी मालकीण, तेव्हा तरुण शिष्या होती. तिने मला विकत घेतले आणि थेट आपल्या गुरुजींच्या खोलीत नेऊन ठेवले. गुरुजी व्हायोलिन वाजवीत, स्वतः रचना करीत. परंतु कागदावर काही उतरवून ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्या दुपारी त्यांनी वाजवलेली एक दीर्घ रचना मी टिपून घेतली. ती ऐकून ते म्हणाले, "यंत्र प्रामाणिक आहे." एवढी मोठी प्रशस्ती मला आयुष्यात पुन्हा लाभली नाही.

पुढे गुरुजी गेले. फितीच्या आरंभी त्यांचे दोन शब्द होते. ते मालकिणीला ऐकवेनात. घरात नवी, चकचकीत यंत्रे आली आणि मी माळ्यावर गेलो. अंधारात वर्षे कशी मोजावीत?

खाली उतरलो तो मालकिणीच्या भाचीच्या हातून. मालकीण आता आत्या झाली होती आणि बोटे आखडल्यामुळे तिचे वादन थांबले होते. भाचीला रविवारच्या मैफलीत वाजवायचे होते. तिने गुरुजींचीच रचना निवडली होती आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचे नाव प्रथमच छापले गेले होते. अडचण एवढीच, की ती रचना त्या फितीखेरीज जगात कोठेही नव्हती.

भाची एक तुकडा ऐके, फीत मागे नेई, पुन्हा ऐके, व्हायोलिनवर ताडून पाही आणि मग पेन्सिलीने लिही. आत्या शेजारी बसून असे.

"आत्या, इथे एक विचित्र स्वर आहे. कुठेच बसत नाहीये."

"तो स्वर नाही गं, खुर्ची आहे. गुरुजी वाजवताना झुलायचे."

"म्हणजे सकाळपासून मी खुर्चीची साधना करतेय."

"चांगली होती गं खुर्ची," आत्या गंभीरपणे म्हणाली.

फीत लावली की आरंभीचे शब्द वगळून पुढे जायचे, हा त्या घरचा अलिखित नियम होता. काम शेवटच्या भागापर्यंत सुरळीत चालले. तेथे मात्र सूर उतरत उतरत इतका खाली गेला, की भाचीचा हात थांबला. व्हायोलिनची चौथी तार सर्वांत खर्जाची, तिच्या मोकळ्या स्वराखाली वाद्यात स्वरच नसतो आणि हा स्वर तर त्याच्याही खाली होता. तिने खुंटी पिळून तार उतरवून पाहिली. तार सैल पडून फडफडू लागली.

"हे व्हायोलिनवर वाजूच शकत नाही," ती म्हणाली. "माझा कान चुकलाय. म्हणजे आधीची सगळी पानंही चुकलीच असतील. मी आयोजकांना नाही म्हणून कळवते."

मित्रांनो, दोष माझा होता. पण मी दुसऱ्याचेच शब्द बोलणारा. स्वतःचे दुखणे कोणत्या तोंडाने सांगणार?

आत्याने व्हायोलिन भाचीच्या हातून घेऊन बाजूला ठेवले. मग म्हणाली, "कळव. पण त्याआधी एकदा फीत पहिल्यापासून लाव. आवाज तरी ऐकते त्यांचा."

भाचीने फीत अगदी आरंभाला नेली. मी बोललो, "बसलात ना सगळे? ऐका आता."

आत्याने पदर डोळ्यांकडे नेला होता, तो वाटेतच थांबला. तिला हसू फुटले.

"अगं, हा कुठला पहिलवान बोलतोय? गुरुजींचा आवाज बारीक, चिरका. आम्ही पाठीमागे त्यांना पिपाणी म्हणायचो. तुझा कान ठीक आहे, पोरी. हे यंत्र हळू फिरतंय, म्हणून सगळंच खाली उतरलंय."

दुरुस्तीच्या दुकानात मला उघडण्यात आले. "पट्टा बघा, जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखा झालाय," कारागीर म्हणाला. नवा पट्टा चढला आणि माझ्या मुखातून गुरुजी पूर्ववत पिपाणीच्या आवाजात बोलले. तो अवघड स्वर वर सरकला आणि बोट न लावता वाजणाऱ्या मोकळ्या चौथ्या तारेवर अचूक येऊन बसला.

भाचीने पाने चाळली. "आत्या, सगळे स्वर सारखेच उतरले होते. त्यांचं आपसातलं नातं बरोबर आहे. काही खोडायचं नाही, फक्त पट्टी वर घ्यायची."

"आणि जरा भरभर वाजव. तू ही रचना रडकी समजत होतीस. ती खेळकर आहे."

रविवारी आत्याने मला सभागृहात नेऊन आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. शेवटचा तो खोल स्वर मोकळ्या तारेवर घुमला, तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. आता ती रोज सकाळी तेवढे दोन शब्द ऐकते आणि हसते.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा आवाज माळ्यावर पडून असेल. तो खाली काढा. माझ्यासारख्या वृद्धाची गती मंदावली, तर त्याला मोडीत काढण्यापूर्वी त्याचा पट्टा पाहा. आणि फीत आरंभापासून ऐका. दुःख होईल या भयाने आपण जे वगळतो, तेथेच कोणीतरी आपल्याला हाक मारीत असते, "बसलात ना सगळे?"