पिवळ्यावर जांभळा

मित्रांनो, सक्करदऱ्यात वामनरावांच्या फाटकाबाहेर निंबाखाली जो सागवानी बाक दिसतो ना, तो मी. वय चोवीस वर्षं. माझ्या एका पायाखाली कवेलूचा, म्हणजे छपरावरच्या कौलाचा, तुकडा आहे, म्हणून मला लंगडा समजू नका. तिथली जमीनच तिरपी आहे!

त्याआधी मी रामटेकजवळच्या एका घराचं दार होतो. वामनराव पहिल्यांदा नगरसेवक झाले तेव्हा गाऱ्हाणी घेऊन येणारी माणसं घरात मावेनात. त्यांचे जिवलग मित्र बापूजी, पाट्या आणि भिंती रंगवणारे पेंटर. ते म्हणाले, "लोकाईले बसाले जागा नाही, अन् तू नगरसेवक कायचा गा?" बापूजींनीच ते दार आणलं, सुताराकडून मला घडवून घेतलं आणि तीन दिवस खपून पिवळाधमक रंग दिला. वामनरावांच्या पक्षाचा झेंडा पिवळा होता.

मग माझे सुखाचे दिवस आले. रोज सकाळी सहाला बापूजी यायचे आणि डावीकडे बसायचे, वामनराव उजवीकडे, मध्ये चहाचे दोन कप. त्यांचं झालं की लोकांची रीघ. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाला दाखला हवा. खोबरेल तेल, घाम, तर्रीपोह्यांची तर्री, सगळं मी अंगावर घेतलं आणि कधी कुरकुरलो नाही. म्हणजे कुरकुरलो, पण कवेलू लावण्याआधी.

वामनराव चार वेळा निवडून आले. चारही वेळा भिंती बापूजींनीच रंगवल्या. पाचव्या वेळी मात्र पिवळ्या पक्षाने त्यांना तिकीट नाकारलं. तलावामागच्या वस्तीला त्यांनी पाइपलाइनचा शब्द दिला होता. तो पाळायचा म्हणून ते जांभळ्या पक्षात जायला निघाले. आठवडाभर ते माझ्यावर बसून गप्प चहा पीत होते. बापूजी शेजारीच होते, पण वामनरावांनी त्यांना अवाक्षर सांगितलं नाही.

बापूजींना ते पेपरात कळलं. त्या दिवशी ते आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. महिना गेला. वामनराव आपले उजवीकडेच बसत आणि रस्त्याकडे बघत. माझी डावी बाजू रिकामी. खरं सांगतो, मला फार वाईट वाटायचं.

अशात जांभळ्या पक्षाचे मोठे साहेब घरी येणार असं ठरलं. त्यांना पिवळ्या बाकावर कसं बसवायचं? बापूजींना बोलवायची वामनरावांची छाती होईना. त्यांनी स्वतःच डबा आणला आणि माझ्या अंगावरच्या वीस वर्षांच्या तेलावर थेट जांभळा रंग फासला. ना काचकागद मारला, ना अस्तर लावलं.

त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई फाटकातून म्हणाल्या, "अवो, आधी जुना खरवडा लागते नं! बापूजीले तरी इचारा."

"वरून तं चांगला दिसून राहिला," वामनराव म्हणाले.

मे महिना होता. साहेब पांढरेशुभ्र कपडे घालून आले आणि अर्धा तास माझ्यावर बसले. उठले तेव्हा माझा जांभळा रंग पोपडे सुटून त्यांच्या कपड्यांबरोबर निघाला! ते बसले होते तेवढ्या जागेत मी पुन्हा पिवळाधमक. लोकांनी भराभर फोन काढले. साहेब तडक गाडीत बसून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. आयुष्यातला पहिला फोटो, आणि तोही असा.

त्याच दिवशी ओळखीच्या चपला वाजल्या. बापूजी! एका हातात तो पेपर, दुसऱ्या हातात काचकागद. वामनराव मान खाली घालून उभे राहिले.

"पक्ष बदलला त्याचा राग नाही गा," बापूजी म्हणाले. "वस्तीले पाणी पायजे, मले का समजत नाही? पण बाजूले बसून चहा पेत होता, अन् मले पेपरात वाचा लागलं."

वामनरावांचे डोळे भरून आले. "चुकलो बापू. तुले सांगाची हिंमत नाही झाली."

"धर मंग," म्हणत बापूजींनी अर्धा काचकागद फाडून त्यांच्या हातात दिला.

दोघांनी चार दिवस मला घासलं. जांभळा गेला, पिवळा गेला, आतलं दाराचं लाकूड वर आलं. बापूजींनी त्यावर नुसतं जवसाचं तेल लावलं. वामनराव ती निवडणूक हरले. तरी पाइपलाइनसाठी दोघं अजून अर्ज घेऊन चकरा मारतात, आणि ते अर्ज माझ्यावरच बसून लिहिले जातात.

परवा सकाळी चहा घेताना वामनराव जरा खाकरले.

"बापू, काल पिवळ्यावाल्याईचा फोन आला होता. वापस ये म्हणून राहिले."

बापूजींनी कप माझ्यावर ठेवला. "मंग?"

"मंग काही नाही. अजून काही ठरवलं नाही. पहिले तुले सांगून राहिलो."

बापूजींनी उरलेला चहा अर्धा वामनरावांच्या कपात ओतला. पेपर यायला अजून अर्धा तास होता.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा जुना बाक असेल. त्याला नवा रंग द्यायचा तर खुशाल द्या, आम्ही काही नाही म्हणत नाही. पण आधी जुना नीट खरवडा. हात दुखतील, दुखू द्या. आणि तेव्हा एकटे बसू नका. जो रोज तुमच्या शेजारी बसतो, त्याला अर्धा काचकागद द्या.