साक्षीदाराचा कान

धाकट्या जावेच्या पार्लरमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एकही बाई केस कापून घ्यायला आलेली नव्हती, ती गोष्ट वेगळी. केस धुवायच्या खुर्चीत, कोणाची नजर लागली ते सांगणारे नजरबाबा रेलून बसले होते. मांडीवर पांढरा टॉवेल आणि टॉवेलवर आमचा टकल्या. टकल्या म्हणजे कुत्रा. निम्म्या अंगावर केस नाहीत, कान सुजून जाड झालेले, आणि डोळे मात्र एखाद्या सज्जन कारकुनाचे.

“एकेकानं समोर या,” बाबा म्हणाले. “हा कुत्रा नाही, साक्षीदार आहे. माणूस खोटं बोलतो, आरसा खोटं बोलतो, पण ह्याच्या कातडीला खोटं सोसत नाही. या घरावर जो जळत असेल, त्याची आग ह्याच्या अंगाला लागते.”

समोरच्या दुकानातले शिंपीकाका पुढे आले. टकल्या शांत होता. बाबांनी डोळे मिटले, ओठ पुटपुटले, आणि टकल्याचा मागचा पाय शिलाई मशीनच्या पायडलसारखा चालू झाला. खरखर, खरखर. खोलीभर ‘अगंबाई’ झालं. पार्लरचे पडदे फुकट शिवून देणारे शिंपीकाका पांढरे पडले.

“अहो, मी कशाला जळेन? मला टक्कल आहे. माझा पार्लरशी संबंधच काय?”

“तुम्ही बोलू नका. तो बोलला,” बाबा म्हणाले.

मग सासूबाई उभ्या राहिल्या. पाय थांबला. बाबांनी मान डोलावली आणि माझ्याकडे बोट केलं. “थोरल्या सूनबाई, या.”

मी गेले. टकल्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाय सुटला. इतका, की टॉवेल घसरून खाली पडला. या वेळी कोणी ‘अगंबाई’ म्हणालं नाही. जे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं त्यावर नुसता शिक्का बसला होता.

आणि अडचण अशी, की ते खरं होतं. मी जळत होते.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांची नजर तपासणं हा माझा धंदा, त्यामुळे नजर लागते वगैरेवर माझा काडीचा विश्वास नाही. नजरेला नंबर लागतो, एवढंच मला माहीत. टकल्याला या घरात मी आणलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांची सोय लावणाऱ्या एका संस्थेत तो कोपऱ्यात पडलेला असायचा, आणि कायमचं घर मिळेपर्यंत त्याला सांभाळायला कोणी तयार नव्हतं. त्वचेची ॲलर्जी जन्मभराची, त्यात थायरॉइड मंद. “पूर्ण बरा नाही व्हायचा, पण आटोक्यात राहील,” जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आटोक्यात राहील म्हणजे गोळ्या वेळेवर, औषधी साबणानं अंघोळ, कानात थेंब, आणि ठरलेल्या खाण्याखेरीज तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. हे सगळं मी करायची. दिवसा मी दुकानात, म्हणून तेवढा वेळ तो खाली धाकटीकडे. तिच्याकडे एकच काम होतं, दुपारची गोळी.

धाकटीनं काय केलं? त्याला बिस्किटं चारली.

“ताई, इतका गोड मागतो हो. नाही म्हणवत नाही.”

मागेल नाही तर काय करेल? माझ्या हातात सदा थेंबांची बाटली आणि तिच्या हातात बिस्किट. सकाळी जिना उतरताना त्याची शेपूट नाचायची, संध्याकाळी चढताना ती पायांत जायची. अंघोळ घालून मी ओलीचिंब व्हायची, आणि वाळलेला कुत्रा मांडीवर घेऊन फोटो हिचा. तो फोटो बघून संस्थेतल्या बाईंनी तिला लिहिलं, ‘तुम्हीच त्याची खरी आई.’ आयत्या बिळावर नागोबा. हे काही नवीन नव्हतं म्हणा. सासूबाईंचं पथ्य मी सांभाळते आणि चोरून गोड धाकटी देते, त्यामुळे सासूबाईंची लाडकीही तीच. माणसांचं एक वेळ सोसलं होतं, कुत्र्याचं सोसवेना.

मध्यंतरी पार्लरची गिऱ्हाइकं रोडावली. मी सांगून पाहिलं, “अगं, दाराशी केस गळालेला कुत्रा अंग खाजवत बसलाय. तिथे केसांना हात लावून घ्यायला कोण येईल? दिवसा त्याला आतल्या खोलीत ठेव.”

“तुम्हाला तो माझ्याजवळ नको असतो, म्हणून म्हणता,” ती म्हणाली. तेही खरंच होतं.

मग तिनं नजरबाबांना गाठलं. हे गृहस्थ पूर्वी गाद्या विकायचे, आता स्वतःच गादीवर बसतात. पहिल्याच भेटीत टकल्या त्यांच्या मांडीवर चढला, त्यांनी त्याला कुरवाळलं आणि नेमकी शेजारीण दारात आली तेव्हा त्याचा पाय चालू झाला. बाबांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं कुत्रा खाली ठेवून हात धुतले असते. बाबांनी साक्षीदार शोधला.

त्या दिवशी साक्ष संपल्यावर त्यांनी निकालही दिला. “हा संसारी घरात राहायचा जीव नाही. रविवारी मी ह्याला घेऊन जाईन. संस्थेशी मी बोलतो. तोवर ह्याच्यावर जळक्या हाताची सावली पडू देऊ नका.” जळका हात म्हणजे माझा. धाकटी रडत होती, पण मान हलवत होती. सासूबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. टकल्या कान झाडत टॉवेलवर पडला होता आणि त्या झाडलेल्या कानातून पाणी उडत होतं. औषधं सुरू केल्यावर हे थांबलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठायच्या आत मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. खरं सांगायचं तर मनातून मी हलले होते. शिंपीकाकांच्या बाबतीत साक्षीदार चुकला असेल, पण माझ्या बाबतीत तो चुकला नव्हता. माझ्या पोटातलं त्याला कसं कळलं?

डॉक्टरीणबाईंनी कानात बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “दुपारची गोळी बंद केलीत?”

“मी नाही.”

“कोणीतरी केली आहे.” असं म्हणत त्यांनी टकल्याच्या कानाची कड अंगठा आणि बोट यांत धरून हलकेच चोळली. मागचा पाय सुरू झाला. खरखर, खरखर. त्यांनी बोटं काढली. पाय थांबला.

मी पुढे वाकले. “हे काय केलंत तुम्ही?”

“काही नाही. कान फार खाजत असला की कड चोळल्यावर पाय आपोआप चालतो. गुडघ्याखाली टिचकी मारली की आपला पाय उडतो ना, तसंच. खाज किती आहे ते आम्ही यावरूनही बघतो.”

“समोर कोण उभं आहे, त्यावर काही अवलंबून असतं?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आत्ता समोर मी आहे. मी कोणावर जळतेय असं वाटतं का तुम्हाला?”

मला बाबांचे हात आठवले. एक हनुवटीखाली, दुसरा कुरवाळत कानावर. आम्ही सगळे पायाकडे बघत होतो, हाताकडे बघायला कोणाला फुरसत होती? आणखीही एक गोष्ट आठवली आणि माझी मलाच शरम वाटली. कानात थेंब घालताना टकल्याचा पाय माझ्या हातातही हलायचा. मला वाटायचं, हा मला झिडकारतोय. म्हणजे त्या पायाचा अर्थ मीही लावलाच होता, आणि तोही माझ्या जळक्या मनाला साजेल असा.

आता घरी जाऊन हे सांगायचं कसं? ‘साक्षीदार खोटा आहे,’ असं कोण म्हणतंय, तर जिच्याविरुद्ध साक्ष झाली ती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाले असते सगळे. पण माझ्या धंद्यात एक साधी पद्धत आहे. गिऱ्हाईक ‘या भिंगातून छान दिसतंय’ म्हणालं की मी न सांगता भिंग बदलते आणि पुन्हा विचारते. डोळ्याला खरंच दिसत असेल तर उत्तर बदलतं. मनालाच वाटत असेल तर ‘छान’च येतं.

रविवारी बाबा पट्टा घेऊनच आले. गर्दी होतीच. मी हात जोडून पुढे झाले.

“बाबा, नेण्याआधी एकदा साक्ष घ्या. माझ्यात काही सुधारणा झाली का, मलाही कळेल. फक्त मधे हा पडदा असू द्या. माझं तोंड बघून मुक्या जिवाला त्रास होतो.” पार्लरमध्ये चाकांचा उंच पडदा होता, तो मी पुढे ओढला.

“पडदा कशाला?” बाबा म्हणाले.

“अहो, कुत्र्याचं नाक भिंतीपलीकडचं ओळखतं. तुमच्या साक्षीदाराला हा पडदा काय अडवणार?”

“बरोबर आहे,” शिंपीकाका सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले.

पडद्याआड कोणी जायचं ते मी ठरवणार नव्हते, माझ्यावर कोणाचा भरवसा? ते काम सासूबाईंना दिलं. त्या मोठ्या खुशीनं उठल्या, सगळ्या गर्दीला पडद्याच्या माझ्या बाजूला घेतलं आणि बजावलं, “कोणी ब्र काढायचा नाही.” पलीकडे राहिले बाबा आणि टकल्या. टोकाशी सासूबाई, दोन्हीकडे नजर ठेवून.

आधी त्यांनी मलाच पुढे ढकललं. “साक्ष घ्या,” त्या म्हणाल्या.

पलीकडे बाबांचं पुटपुटणं चाललं होतं, पण पाय काही चालेना. “कोणीतरी निर्मळ जीव आहे,” बाबा म्हणाले.

निर्मळ जीव म्हणजे मी. शिंपीकाकांनी तोंडात रुमाल कोंबला. सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मला बाजूला केलं, सगळ्यांवरून नजर फिरवली, मग स्वतःची काठी उचलली आणि पडद्यामागच्या रिकाम्या खुर्चीवर आडवी ठेवली. “हं, घ्या,” त्या म्हणाल्या.

खरखर, खरखर.

“आली, आग आली!” बाबा ओरडले. “हीच ती! पोटात निखारे आहेत हिच्या. घर गिळायला बसली आहे ही थोरली!”

सासूबाईंनी पडदा सरकवला. बाबा खुर्चीकडे बघत राहिले. खुर्चीवर काठी होती.

“माझी काठी कोणावर जळते हो?” सासूबाईंनी विचारलं.

हसण्याचा एकच फवारा उडाला. बाबा मुरलेले होते, ते डगमगले नाहीत. “पडदा नायलॉनचा आहे. नायलॉनमधून लहरी वाकड्या जातात.”

“मग पडदा काढला. आता हातही काढा,” सासूबाई म्हणाल्या. “आग कुत्र्याला लागते ना? मग तुम्ही त्याला धरायला कशाला हवं?”

टकल्याला खाली सोडलं. मी त्याच्यासमोर उभी राहिले, शिंपीकाका उभे राहिले. त्यानं आम्हाला हुंगलं आणि धाकटीच्या पायाशी जाऊन अंगाचं मुटकुळं केलं. मी खाली बसले. “माफ कर रे, एकदाच,” म्हणत त्याचं तोंड भिंतीवरच्या ड्रायरकडे वळवलं आणि कानाची कड चोळली. पाय चालू झाला.

“ह्या ड्रायरचं आपल्या घराशी काय वाकडं आहे?” मी विचारलं. मग त्याचं तोंड धाकटीकडे वळवलं. पुन्हा तेच.

“ताई, मी?” ती घाबरली.

“तू नाही गं. हा कान आहे. तूच चोळून बघ.”

तिनं कड धरली, जराशी चोळली, पाय चालला, आणि तवा लागल्यासारखा तिनं हात मागे घेतला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती त्या सुजलेल्या कानाकडे बघत होती.

“म्हणजे त्याला नुसती खाज सुटत होती,” ती हळूच म्हणाली. “आणि आपण सगळे बघत बसलो होतो. हात जोडून.” मग ती बाबांकडे वळली. “गोळी बंद करायला तुम्ही मला सांगितलंत. औषधानं त्याची दृष्टी मरते म्हणालात. तो बरा झाला असता तर पाय हललाच नसता, होय ना?”

मी इतकी चाचणी केली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिला सुचला. ‘श्रद्धा नाही तिथे आम्ही थांबत नाही,’ असं काहीसं म्हणत बाबा पट्टा घेऊन निघाले, आणि त्यांना वाट करून देताना शिंपीकाकांनी खिशातली मोजपट्टी काढून त्यांच्या हाताची लांबी मापल्यासारखं केलं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बिस्किटं बंद झाली, कारण आता धाकटीच कोणाला देऊ देत नाही. पाठीवर केस आले, कान पातळ झाले. परवा डॉक्टरीणबाईंनी कानाची कड चोळली तेव्हा टकल्यानं पाय हलवला नाही, नुसती जांभई दिली. अख्ख्या गल्लीला दिपवणारा चमत्कार असा औषधानं बरा झाला. आजार आहे आणि जन्मभर राहील, पण आटोक्यात आहे. धाकटीनं त्याला कायमचं ठेवून घेतलं. पार्लरमध्ये गिऱ्हाईक असलं की तो आतल्या खोलीत असतो. अंघोळ मात्र अजून मीच घालते, कारण तिला ती जमत नाही.

“ताई, एक विचारू?” परवा ती म्हणाली. “खरंच जळत होता तुम्ही?”

“होते. अजूनही जळते. आत्ताही तो तुझ्याच मांडीवर आहे.”

ती हसली, पण कुत्रा काही माझ्याकडे दिला नाही.

तेव्हा, वाचणाऱ्या शहाण्यांनो, माझ्या जळण्यावर जाऊ नका. जळणारा माणूसही खरं बोलू शकतो आणि निर्मळ माणूसही फसू शकतो, म्हणून माणसाच्या मनावर नाही, पडद्यामागच्या रिकाम्या खुर्चीवर भरवसा ठेवा. चमत्कारापुढे नमस्कार करायची आपल्याला सवय आहे. करा हवा तर. फक्त आपले हात जोडण्याआधी समोरच्याचे हात कुठे आहेत ते बघा, आणि त्या हातांखाली कोणाला दुखतंय का, तेही बघा.