दोरी तेवढी खाली सोडा

मित्रांनो, सावली गावातल्या व्हॉल्व्ह कारखान्यात चहाच्या टेबलापाशी टांगलेली जुनी पितळी घंटा म्हणजे मी. आधी मी शहरात, नागरवाड्यातल्या एका शाळेत होते. शाळा बंद झाली तेव्हा जगदेवराव सुपरवायझरांनी मला स्कूटरवरून इथे आणले.

त्यांनी एक रीत पाडली. ज्याला स्वतःची चूक सापडेल त्याने मला वाजवायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. "सापडली ना? मग तोंड का पाडतेस? चला, चहा मागवा!" असे ते म्हणत. शाळेत माझ्या आवाजाने पोरे पळत. इथे माणसे जवळ येत. मला फार भारी वाटे.

जगदेवराव निवृत्त झाले. नवे मॅनेजर उन्मेष मनाने वाईट नव्हते. कामावर सगळ्यांनी आनंदी असावे, असे ते कुठल्याशा शिबिरात शिकून आले होते. भिंतीवर हसरे चेहरे लागले. "आता फक्त चांगल्या बातमीला घंटा," ते म्हणाले. माझी दोरी लाल रिबिनीने वर बांधली गेली. चुका सापडेनाशा झाल्या. त्या कुठे जातात हे मला ठाऊक होते, पण मला कोण विचारतो!

परवा 'बिनचूक महिन्या'चा केक आला. बाहेर ट्रक भरून उभा होता. तेवढ्यात व्हॉल्व्ह जोडणाऱ्या कौमुदीला आपल्या ट्रेमध्ये बसवायची एक स्प्रिंग तशीच उरलेली दिसली. इस्पितळाच्या बॉयलरसाठी बनवलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये तिने भलतीच, जास्त कडक स्प्रिंग बसवली होती. वाफ वाढली तरी तो उघडला नसता. उरलेली स्प्रिंग तिने शेजारी दाखवली.

"रेवा दे ने, राहू दे," शेजारचा पीयूष कुजबुजला. "साहेब भडकतील. फोटो तरी होऊ दे."

ट्रक सुरू झाला. कौमुदी स्टुलावर चढली. रिबिनीची गाठ सुटेना. मला जीव तोडून ओरडावेसे वाटत होते, पण घंटेला स्वतःहून वाजता येत नाही. शेवटी तिने दातांनी गाठ सोडवली आणि मला वाजवले.

"साहेब, ट्रक थांबवा! माझी चूक झालीय!"

ट्रक फाटकात थांबला. खोके उघडले. कडक स्प्रिंग उन्मेषांच्या तळहातावर आली. एकही टाळी वाजली नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग स्प्रिंग खिशात टाकून त्यांनी एकट्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

त्या थांबायच्या आत पीयूषने माझी दोरी धरली.

"साहेब, माझी पण एक आहे. ह्याच ट्रकमध्ये."

मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत ठेवले नाहीत तरी चालेल. माझी दोरी तेवढी हाताला लागेल अशी खाली सोडून ठेवा.