मुठीतला ठोकळा

मोजणीच्या वहीत सही करायला थोरलीने उजव्या हातातला हातमोजा काढला आणि तो पुन्हा घालायचं राहूनच गेलं. साहेब समोर उभे राहून तिच्या धाकट्या जावेचं कौतुक करत होते.

"तुमच्या जाऊबाईंचा हात म्हणजे हात आहे हो! दोन वर्षांत एवढी सफाई?"

"हो ना," थोरली म्हणाली आणि तिने टेबलावरचा पोलादी ठोकळा उचलला.

पन्नास मिलिमीटरचा ठोकळा. धाकटीने तो तीन दिवस घासून चेहरा दिसेल इतका लख्ख केला होता. तो मापात बसला, तर मापखोलीतली एकुलती एक रिकामी खुर्ची तिची. थोरलीचा ठोकळा सकाळीच मोजून झाला होता, एक मायक्रॉन कमी भरला होता. केसाच्या जाडीचा सत्तरावा भाग! अकरा वर्षं काढली होती तिने या कारखान्यात. धाकटीला इथे चिकटवलं तेही तिनेच. ठोकळा धरायचा कसा, श्वास रोखायचा कधी, सगळं घरी ओट्याशी उभं राहून शिकवलं. आणि आता घरीदारी एकच तुणतुणं, धाकटीच्या हातात कला आहे. सासूबाईंना तर तिने चिरलेली काकडीसुद्धा एकसारखी दिसायची. थोरलीची काकडी काय वाकडी होती?

साहेब बोलत होते, थोरली मान डोलवत होती आणि तिची मूठ आवळत चालली होती.

अखेर तिने ठोकळा मापयंत्राच्या डायलखाली ठेवला. काटा सरकला. तीन मायक्रॉन जास्त.

तिला इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटली.

"अरेरे," म्हणत साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

धाकटी टेबलापलीकडे उभी होती, पण ती डायलकडे पाहतच नव्हती. ती कुठे पाहतेय म्हणून थोरलीने खाली पाहिलं. तिच्या उघड्या तळहातावर ठोकळ्याच्या कडा लाल उमटल्या होत्या.

हाताच्या उबेने पोलाद फुगतं. धाकटीला पहिल्याच दिवशी तिने हेच शिकवलं होतं.

"चुकलं असेल माझं," धाकटी हळूच म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं. आणखी क्षणभर गप्प राहायचं, बस्स.

"थांबा साहेब," थोरली म्हणाली. "ठोकळा गरम आहे. मीच मुठीत धरून बसले होते. अर्ध्या तासाने परत मोजू."

अर्ध्या तासाने तिने दोन्ही हातमोजे घालून ठोकळा ठेवला. काटा शून्यावर जाऊन थांबला. साहेबांनी वहीत धाकटीचं नाव लिहिलं.

सुटी झाल्यावर दोघी नळावर हात धूत होत्या.

"तू पाहिलं होतंस ना?" थोरलीने विचारलं.

"हो, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"साहेबांसमोर तुमची चूक कशी काढू? खुर्ची काय, पुढच्या वर्षीही निघेल."

थोरलीचा हात पाण्याखाली तसाच राहिला. खुर्ची गेली तर गेली, पण आज मोठेपणा आपला, एवढं तरी तिने घरी न्यायचं ठरवलं होतं. त्यातही हीच पुढे!

"घरी मी सांगेन हं सगळ्यांना, ताईंमुळे मिळाली म्हणून."

"काही गरज नाही," थोरली म्हणाली आणि साबण लावून तळहात खसाखसा चोळू लागली. तिथे आता काहीच उमटलेलं नव्हतं.